लेअर बंद, लेअर चालू

[स्क्रीन रेकॉर्डिंग. रिकामा कॅनव्हास.]

पहिली रेघ पाठीच्या कण्याची. मग मान, खांदे, कमरेचा बाक. बॅले नर्तिका एका पायाच्या बोटांवर तोललेली, दुसरा पाय मागे उचललेला, हात सरावाच्या लाकडी बारवर. इथवर चित्रकाराने समोर दिसलं तेच काढलंय. मांडी भरलेली आहे, पोटाला श्वास घ्यायला जागा आहे.

आता चित्रकार बाईने लेअरची, म्हणजे चित्राच्या एकावर एक ठेवता येणाऱ्या थराची, प्रत काढली. मूळ लेअर खाली लॉक केला आणि वरच्या प्रतीवर लिक्विफाय उघडलं. फोटोशॉपमध्ये हे टूल 2000 साली आलं. स्टायलस (स्क्रीनवर चालणारा पेन) टेकवायचा आणि ढकलायचा, चित्र मळलेल्या कणकेसारखं सरकतं. मान लांबली. दंड निम्म्यावर आला. कंबर आत गेली, आणि तिच्यासोबत मागचा बारही वाकला! फोटो बारीक करून देणारे हा बाक सगळ्यात आधी सरळ करतात, कारण लबाडी तिथेच पकडली जाते. हिने तो तसाच ठेवलाय. आमच्या मते अख्ख्या चित्रात बघायची जागा हीच.

[आरशातली सावली. वरचा लेअर चालू, बंद, चालू.]

ही लांबलेली आकृती कुठल्या मापाने बेतलेली? माप बरंचसं नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलन्चीन यांच्या पसंतीचं. 1948 मध्ये लिंकन कर्स्टीन यांच्यासोबत त्यांनी न्यूयॉर्क सिटी बॅले ही नृत्यकंपनी उभी केली. लहान डोकं, लांब पाय, सडसडीत अंग. त्यांची नृत्यं थोरच, त्यात वाद नाही. पण एका माणसाची आवड पुढे वर्गावर्गांत नियम म्हणून शिकवली गेली. 2003 मध्ये मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरने नर्तिका अनास्तासिया वोलोच्कोव्हाला वजनाचं कारण सांगून काढलं. ती कोर्टात गेली, आणि कोर्टाने तिला परत घ्यायला लावलं.

[क्लोजअप: शूज.]

आता रंग. पॉइंट शूजचं (बोटांवर उभं राहायच्या बॅले शूजचं) ते ठरलेलं फिकट गुलाबी सॅटिन गोऱ्या पायाशी मिळून यावं, पाय अखंड दिसावा, म्हणून. सावळ्या-काळ्या नर्तिका वर्षानुवर्षं नव्या जोडावर फाउंडेशन थापत आल्या. चित्रकाराने नर्तिकेच्या हातावरून रंग उचलला आणि शूजवर ओतला. स्क्रीनवर दोन टिचक्यांचं काम. 1929 मध्ये सुरू झालेल्या, बॅले शूज बनवणाऱ्या फ्रीड ऑफ लंडनने 'बॅले ब्लॅक' या नृत्यकंपनीसोबत तपकिरी आणि ब्राँझ छटांचे पॉइंट शूज बाजारात आणले, ते 2018 मध्ये.

[टाइमलॅप्स. पार्श्वसंगीत नको.]

2014 साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात बॅले नर्तकांमधलं खाण्याच्या विकारांचं प्रमाण 16.4 टक्के निघालं. अपुरं खाऊन तासन् तास सराव केला की पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात.

[तयार चित्र. टचस्क्रीन.]

चित्राखाली एक पट्टी दिलीय. डावीकडे मूळ शरीर, उजवीकडे लिक्विफाय केलेलं. फाइल उघडली की पट्टी डावीकडेच असते, आणि आपोआप काहीही हलत नाही. ॲनिमेशन करून देणं सोपं होतं, तिने मुद्दाम केलं नाही. नर्तिका बारीक झालेली बघायची असेल, तर बघणाऱ्याने स्वतःच्या बोटाने करावी.