अ‍ॅम्प्लिफायर बदलण्याआधी सोफा हलवा

(ठाण्यातल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

घोडबंदर रोड घ्या नाहीतर खारघर, टू बीएचकेचा हॉल साधारण 15 फूट लांब, 10 फूट रुंद आणि 9 फूट उंच. अशा हॉलमध्ये बेस, म्हणजे खालचे जाड सूर, घुमायला लागला की आपण आधी स्पीकरवर संशय घेतो. नवा स्पीकर येतो आणि तोही नेमक्या त्याच सुरांवर घुमतो, कारण ते सूर खोलीने ठरवलेले असतात.

हिशोब कागदावर करता येतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1130 फूट. त्याला लांबीच्या दुपटीने भागा: 1130 भागिले 30, म्हणजे 38 हर्ट्झच्या आसपास. ही लांबीची पहिली अनुनाद-वारंवारिता, म्हणजे ज्या सुरावर खोली स्वतःच घुमते तो सूर. तिच्या दुप्पट 75, तिप्पट 113. रुंदीची पहिली 57, दुसरी पुन्हा 113. उंचीची 63. 15 आणि 10 हे सोपे गुणोत्तर असल्यामुळे 113 वर लांबी आणि रुंदी एकत्र येतात आणि तिथे खोली दुप्पट हट्टाने बोलते. आता बेस गिटारच्या मोकळ्या तारा पाहा. ए ची तार 55 हर्ट्झ, डी ची 73. दोन्ही आपल्या हॉलच्या वारंवारितांना जवळजवळ चिकटलेल्या. वादक सगळे सूर सारख्याच जोराने वाजवतो, पण तुमच्या घरात हे दोन उठून येतात आणि मागे रेंगाळतात.

आपल्याकडे सोफा भिंतीला टेकवूनच असतो, आणि खरी गडबड तिथे आहे. या सगळ्या लहरींचा दाब भिंतीपाशी सर्वाधिक असतो, म्हणजे लांबीच्या तिन्ही वारंवारिता तुमच्या डोक्यामागे जमतात. कान भिंतीपासून 2 फूट पुढे आला तर 38 हर्ट्झला फारसा फरक पडत नाही, जेमतेम 1 डेसिबल. पण 75 सुमारे साडेतीन डेसिबलने उतरतो आणि 113 तब्बल 10 डेसिबलने. हा सगळा फरक फुकट. मात्र ‘मग मधोमधच बसू’ असं करू नका. हॉलच्या बरोबर मध्यावर 38 आणि 113 जवळपास नाहीसे होतात आणि 75 पुन्हा पूर्ण जोरात येतो. परदेशी सल्ला असा की बैठक मागच्या भिंतीपासून लांबीच्या 38 टक्क्यांवर ठेवावी, म्हणजे आपल्याकडे पावणेसहा फूट. तेवढी जागा सोडली तर जेवणाचं टेबल बाल्कनीत जाईल. दोन-अडीच फूट मिळाले तरी घ्या.

खड्ड्यांचा, म्हणजे काही सूर दबून जाण्याचा, प्रकार वेगळा. स्पीकरचा आवाज स्पीकरच्याच मागच्या भिंतीवर आपटून परत येतो. स्पीकर भिंतीपासून 2 फुटांवर असेल तर परतणारा आवाज 4 फूट जास्त चालतो, आणि ज्या सुराची लहर 8 फुटांची, तो कापला जातो. तो सूर 141 हर्ट्झचा. 3 फुटांवर ठेवलात तर 94. हा खड्डा इक्वलायझरने, म्हणजे निवडक सूर कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, भरत नाही. तुम्ही तो सूर 10 डेसिबलने उचलला की अ‍ॅम्प्लिफायरला दहापट ताकद लागते, परावर्तनही तेवढंच वाढतं आणि दोघं पुन्हा एकमेकांना खातात. वर वूफर, म्हणजे स्पीकरमधला खालचे सूर वाजवणारा भाग, तापतो तो निराळाच. इक्वलायझर उंचवटे छाटायला वापरावा, खड्डे बुजवायला नाही. आणखी एक काळजी: वूफरचं मागच्या भिंतीपासूनचं, बाजूच्या भिंतीपासूनचं आणि जमिनीपासूनचं अंतर सारखं नको. तिन्ही 2 फूट असतील तर तिन्ही खड्डे एकाच सुरावर पडतात.

सबवूफरला (‘सब’, म्हणजे फक्त खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर) मात्र भिंतीजवळ ठेवायला हरकत नाही. अर्ध्या फुटावर खड्डा 565 हर्ट्झला पडतो आणि 80 वर क्रॉसओव्हर लावलेला, म्हणजे त्यावरचे सूर स्पीकरवर सोडणारा, सब तिथवर पोचतच नाही. जागा शोधायची रीत अशी: सब उचलून सोफ्यावर, स्वतःच्या बसायच्या जागी ठेवा. एकेक सूर चालत जाणारी बेस गिटार लावा. मग भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर, कान सबच्या उंचीला आणून, फूट-फूट सरकत ऐका. घरचे हसतील, हसू द्या. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतात, तिथे सब ठेवा. सोफा आणि सब यांची अदलाबदल केली तरी मोजमाप तेच राहतं. शेवटी 80 हर्ट्झचा टोन लावून फेज (सबची लहर स्पीकरच्या लहरीशी जुळवणारं बटण) 0 आणि 180 वर फिरवून पाहा. जिथे बसल्या जागी मोठं ऐकू येतं ते बटण बरोबर.

मोजायचं असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि कॅलिब्रेट केलेला यूएसबी माइक. 15 ते 300 हर्ट्झचा स्वीप, म्हणजे खालून वर सरकत जाणारा सूर, आणि स्मूदिंग (आलेख गुळगुळीत करणं) बंद. स्मूदिंग चालू ठेवलं की आलेख देखणा दिसतो आणि काहीच कळत नाही.

परदेशी सल्ले लाकडी चौकट आणि जिप्सम बोर्डाच्या भिंती धरून लिहिलेले असतात. त्या भिंती थोड्या हलतात, थोडा बेस खातात, थोडा बाहेर सोडतात. आपल्या नव्या टॉवरमधल्या मिवान पद्धतीच्या भिंती सलग काँक्रीटच्या. बेस जवळपास सगळा परत येतो. म्हणून दोन इंची फोम चिकटवून काही होत नाही, त्याने फक्त वरचा आवाज मुका होतो. अंड्यांचे ट्रे तर विसराच. 38 हर्ट्झची लहर 30 फुटांची. सच्छिद्र मालाने ती नीट शोषायला तिच्या चौथाईची, साडेसात फुटांची खोली लागेल. म्हणून तिथे जागा बदलणं आणि उंचवटा छाटणं हेच उपाय. 75 च्या वर मात्र कोपरे कामाला येतात: घनमीटरला 48 किलोची रॉकवूल (दगडी लोकर), 2 फूट बाजूचे त्रिकोण कापून जमिनीपासून छतापर्यंत रचा. कापताना हातमोजे आणि मास्क हवा. रॉकवूल नको असेल तर कापसाच्या जुन्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या करा. 100 च्या वर थोडा उपयोग होतो. बाहेरच्या भिंतीचा कोपरा असेल तर 2 इंच मोकळे सोडा. पावसाळ्यात ती भिंत ओल धरते आणि मागे बुरशी येते.

शेवटी खडखड. 20 ते 120 हर्ट्झचा संथ स्वीप लावून घरात फिरा. स्लायडिंग खिडकी, फॉल्स सीलिंग, शोकेसची काच, कोण बोलतंय ते सापडेल. फेल्टची पट्टी बहुतेक ठिकाणी पुरते. आणि शेजारी. निवासी भागात नियम दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलचा, पण तो ए-भारित मोजमापाचा, आणि ते मोजमाप 50 हर्ट्झला 30 डेसिबल कमी दाखवतं. मीटर शांत आणि खालच्या मजल्यावरचे काका जागे, असं होऊ शकतं. रात्री दहानंतर आवाज कमी कराच, शिवाय 50 च्या खालचं हाय-पास फिल्टरने कापा.