तिच्या हातून गेलेली फिल्म

[हात, अगदी जवळून. जुनं लोखंडी मशीन. हँडल फिरतंय.]

हा आवाज जरा ऐका. फिल्मच्या कडेला जी भोकं असतात ना, ती पाडायचं हे मशीन. एका संग्राहकांकडे सापडलं, त्यांनी हात लावू दिला हेच खूप. 1912 साली दादासाहेब फाळक्यांकडे कच्ची फिल्म यायची ती भोकांशिवाय, आणि उजेड लागला की फिल्म गेलीच, त्यामुळे हे सगळं काळोखात, चाचपडत करायचं. आता हिशोब करा. एका फुटात 16 फ्रेम, फ्रेमला दोन्ही कडांना चार-चार भोकं, म्हणजे फुटाला 128. राजा हरिश्चंद्र साधारण 3700 फुटांचा. साडेचार लाखांच्या वर गेली की. त्यात निगेटिव्हची धरलीच नाहीत, वाया गेलेल्या फिल्मचीही नाहीत. मशीन एका फटक्यात बरीच पाडतं हे खरं, पण फिल्म सरकवायला, ताण सांभाळायला माणूसच लागतो.

हे काम करायच्या दादासाहेबांच्या पत्नी, सरस्वतीबाई फाळके. रात्री, घरातलं सगळं आवरून झाल्यावर.

[दादर, फाळके रोड, सकाळ. भाजीची गाडी, रिक्षा नाही, टॅक्सी.]

हा दादर पूर्वेचा फाळके रोड. इथल्याच बंगल्यात घर, इथंच स्टुडिओ आणि इथंच डार्करूम. युनिट जेवायचं तेही इथंच, 60-70 माणसं, आणि स्वयंपाक कोणाकडे ते वेगळं सांगायला नको. दुपारी शूटिंगला उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या, कारण रिफ्लेक्टर म्हणून दुसरं काही नव्हतंच. केमिकल कालवायलाही त्याच.

फाळक्यांची गोष्ट आपल्याला पाठ आहे. ख्रिस्तावरचा सिनेमा बघितला, झपाटले, बघून बघून डोळे जायची वेळ आली, विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडन गाठलं, विल्यमसन कॅमेरा आणला. राणी तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषानं केलं ही गोष्ट तर दर 3 मेला व्हॉट्सअ‍ॅपवर येतेच. आणि मग मधेच कुठंतरी एक अर्धं वाक्य असतं, 'पत्नीनं दागिने दिले'. दिले, आणि पुढच्या वाक्यात कॅमेरा परत फाळक्यांवर.

[कुंडी. माती. कोंब, थांबत थांबत वर येतोय.]

हे आम्ही मोबाईलवर केलंय, गॅलरीत, हसू नका. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि तो उगवताना थोड्या थोड्या वेळानं एकेक फ्रेम घेतली, वेल वर जाईपर्यंत. अंकुराची वाढ. हीच फिल्म दाखवून त्यांनी सावकाराला पटवलं की हा माणूस वेडा नाही, म्हणजे वेडा आहे पण पैसे द्यायला हरकत नाही. त्याच घरात लहान मुलं होती, आमच्या गॅलरीत एक मांजर होती तरी कुंडी दोनदा पडली.

[सिनेमाचं पोस्टर, मग थिएटरच्या खुर्च्या.]

2009 साली परेश मोकाशींनी यावर हरिश्चंद्राची फॅक्टरी केला, ऑस्करला भारताकडून गेला तो. नंदू माधव फाळके, विभावरी देशपांडे सरस्वतीबाई. घरातलं सामान विकलं जातंय आणि सिनेमा मात्र मजेत चाललाय, हे मला तेव्हा आवडलं होतं, आता परत बघताना नजर सारखी तिच्याकडेच जाते. तो सिनेमा उभा करायला मोकाशींना स्वतःचं घर गहाण टाकावं लागलं. गहाणाचीच परंपरा म्हणायची.

[पांढऱ्या तुऱ्यांचं गवत, वारा, संध्याकाळ.]

हे गवत गोदावरीकाठचं आहे, बंगालचं नाही, पण तुरे बघा. 1952 च्या ऑक्टोबरात सत्यजित राय यांनी पथेर पांचालीचा पहिला दिवस असल्याच काशफुलांत शूट केला, आठवड्यानं परत गेले तर गुरांनी फुलं खाऊन टाकलेली. झालं, वर्षभर थांबा. पैशाचं तेच, विम्याची पॉलिसी, जवळच्या रेकॉर्डी विकल्या, आणि पत्नी बिजोया राय यांचे दागिने गहाण. वाचताना मला वाटलं कोणी फाळक्यांचीच पानं चुकून इकडे लावली की काय.

आणि अपू, सिनेमातला तो लहान मुलगा? त्याच्यासाठी जाहिरात दिली, पोरांची रांग लागली, एका घरानं तर मुलीचे केस कापून मुलगा म्हणून आणली. शेवटी शेजारी खेळणारा पोरगा बिजोयांनाच दिसला. आपण जो अपू बघतो तो त्यांच्या नजरेचा. श्रेयनामावलीत याला काय म्हणतात? कास्टिंग म्हणतात.

2022 साली अनिक दत्त यांनी या सगळ्यावर अपराजितो केला, कृष्णधवल. नावं बदललीत, सत्यजितचा अपराजित, बिजोयांची बिमला, सिनेमा पथेर पदाबली.

[नाशिक, फाळके स्मारक, पांडवलेणीचा डोंगर मागे.]

पुढे नाशकात हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, भागीदारांशी बिनसलं, बोलपट आले, आणि 16 फेब्रुवारी 1944 ला फाळके इथंच गेले.

[जुनी फिल्म. फाळके पट्टी उजेडाला धरून बघतायत.]

हे स्वतः फाळके, त्यांच्याच कॅमेऱ्यात. चित्रपट कसे तयार करतात हे दाखवायला त्यांनी ही फिल्म केली, तिचे तुकडे उरलेत. हातातली पट्टी बघा, कडेची भोकं बघा.

2023 मध्ये राजामौलींनी भारतीय सिनेमाच्या जन्मावरचा सिनेमा जाहीर केला, 2025 च्या मे महिन्यात आमिर खान आणि हिरानींनी फाळक्यांवरचा. झाले तर बघूच. मी तिकीट काढणार ते रात्रीच्या त्या सीनसाठी.

[मशीन. हँडल थांबतं. काळोख.]