दिवा निळा आहे, पण पुरेसा आहे का?

बाळाच्या कपाळावर बोट दाबून उचललं की त्वचा क्षणभर फिकी पडते. इथे ती पिवळी पडली आहे.

पहिल्या आठवड्यात निम्म्याहून जास्त बाळांना कावीळ दिसते, बहुतेकांची आपसूक उतरते. जन्मानंतर 24 तासांच्या आत दिसली, तर मात्र वाट पाहायची नाही, लगेच रक्त तपासायचं. बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात साठणारं पिवळं द्रव्य, फार चढलं की मेंदूत शिरतं, आणि ती इजा भरून येत नाही.

उपचार आहे निळा प्रकाश, साधारण 460 ते 490 नॅनोमीटरचा. त्याने त्वचेतल्या बिलिरुबिनची रचना बदलते आणि ते पित्तावाटे, लघवीवाटे बाहेर पडतं.

छोट्या दवाखान्यात घोळ होतो तो दिव्यापाशी. ट्यूब पेटते, निळी दिसते, म्हणजे काम करतेय असं सगळे धरून चालतात. पण फ्लुरोसंट ट्यूबचा कामाचा प्रकाश आधीच उतरलेला असतो आणि डोळ्यांना ते कळत नाही. साधारण 2000 तासांनी ट्यूब बदलायची वेळ येते, आणि 2000 तास म्हणजे दिवसरात्र चालवली तर तीन महिनेसुद्धा नाहीत! म्हणून स्टँडला वही बांधा, रोजचे तास लिहा. प्रकाश मोजायचा मीटर असेल तर तो बाळाच्या पातळीवर धरा. जोरदार उपचाराला दर चौरस सेंटिमीटरला, दर नॅनोमीटरला निदान 30 मायक्रोवॅट लागतात.

एलईडी आधी महाग वाटते, पण ती ट्यूबपेक्षा कितीतरी जास्त तास टिकते, तापते कमी आणि वीजही कमी खाते. तीही धुळीने मंदावते, कव्हर पुसायला हवं.

आता अंतर बघा. बाळाला उचलताना दिवा वर सरकवला जातो, आणि तिथेच राहतो. तो कंपनीने सांगितलेल्या उंचीवर परत आणा. बाजूंनी पांढरी चादर लावली की वाया जाणारा उजेड बाळावर परततो. दिव्याच्या पंख्याची जाळी तेवढी झाकू नका.

अंगावर फक्त छोटं लंगोट. डोळ्यांवर पट्टी, पण ती नाकावर घसरत नाही ना, हे सारखं पाहायचं. दूध दर दोन-तीन तासांनी, त्यासाठी बाळ खुशाल बाहेर काढा. ताप मोजत राहा. निळ्या उजेडात ओठ काळेनिळे पडले तरी उमगत नाही, म्हणून बाळाला तपासताना दिवा बंद.

उपचार सुरू झाल्यावर रंगावर विसंबू नका, त्वचा आधी उजळते. रक्ताचा नमुना घेतानाही दिवा बंद करा आणि नळी फॉइलमध्ये गुंडाळा. उजेडात आकडा खोटा कमी येतो.

बाळ दूध ओढेना, सुस्त पडलं, किंवा मान मागे टाकून कर्कश रडू लागलं, तर दिव्याखाली ठेवून बघत बसू नका. रक्त बदलण्याची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच पाठवा.