ग्राफिक्स ड्रायव्हर: अपडेटआधी परतीची वाट

मित्रहो, घरच्या संगणकाबद्दल मला वारंवार विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, “ग्राफिक्स ड्रायव्हरचं अपडेट आलंय, टाकू का?” (ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारे ग्राफिक्स कार्ड आणि विंडोज यांचा संवाद घडवून आणणारा प्रोग्रॅम.) मी उलट विचारतो, “आत्ता काय अडलंय?” बहुतेक वेळा अडलेले काहीच नसते, पडद्याच्या कोपऱ्यात सूचना आलेली असते आणि ती तशीच ठेवणे जिवावर येते, इतकेच. छपाईयंत्राच्या ड्रायव्हरबाबत असा उत्साह फारसा महागात पडत नाही. ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा एक भाग मात्र थेट विंडोजच्या गाभ्यात चालतो आणि तिथली चूक आख्ख्या यंत्राला भोवते.

हा धोका कमी करण्यासाठी विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने ग्राफिक्स ड्रायव्हरची रचनाच बदलली. कार्डाने साधारण २ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर संपूर्ण संगणक बंद पडू देण्याऐवजी विंडोज कार्डालाच नव्याने सुरू करते; म्हणून पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो. तेच काम विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबून आपल्यालाही करता येते. परंतु अशी काळी उघडझाप दिसली म्हणजे ड्रायव्हरच बिघडला असे समजू नये. कार्ड तापले असेल किंवा विजेचा पुरवठा कमी पडत असेल तरीही हेच लक्षण दिसते, आणि पंख्यात धुळीचा थर साचलेला असताना तीन-तीन वेळा ड्रायव्हर बदलणारे लोक मी पाहिले आहेत.

नवी आवृत्ती पहिल्याच दिवशी घेऊ नये, या माझ्या आग्रहाला इतिहासाचा आधार आहे. मार्च २०१० मध्ये एनव्हीडिया या ग्राफिक्स कार्डांच्या कंपनीला आपला १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, कारण काही कार्डांच्या पंख्यांचे नियंत्रण बिघडून ती तापत असल्याच्या तक्रारी आल्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये तिची स्पर्धक असलेल्या एएमडीच्या क्रिमसन ड्रायव्हरने काही कार्डांच्या पंख्यांचा वेग २० टक्क्यांवर अडकवून ठेवला आणि कंपनीला तातडीने दुरुस्ती काढावी लागली. दोन्ही वेळा नुकसानीची भीती घाई करणाऱ्यांनाच होती. आठ-पंधरा दिवस थांबलेल्यांना तो प्रकार बातमीतूनच कळला. अर्थात, सुरक्षेतील त्रुटी बुजवणारी आवृत्ती असेल तर इतके थांबू नये, आणि नुकताच घेतलेला खेळ जुन्या ड्रायव्हरवर चालतच नसेल तर थांबण्यात अर्थही नाही. चित्रफितींचे संपादन करणाऱ्यांसाठी एनव्हीडिया ‘स्टुडिओ’ नावाची वेगळी मालिका काढते. रोज खेळणारे नसाल तर तीच घ्यावी, असे माझे मत आहे.

आता परतीच्या वाटेबद्दल, म्हणजे जुन्या ड्रायव्हरकडे परत जाण्याबद्दल, थोडे सविस्तर सांगतो, कारण गोंधळ तिथेच होतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे उपकरणांच्या यादीत, कार्डाच्या गुणधर्मांत ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण असते. ते दाबले की विंडोज आधीची आवृत्ती परत बसवते. मात्र ती आधीची आवृत्ती संगणकात जपलेली असेल, तरच हे बटण चालते. काही मंडळी प्रत्येक अपडेटपूर्वी ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ हे साधन वापरून सगळे धुऊन पुसून काढतात. त्या स्वच्छतेत परत फिरण्याची सोयही पुसली जाते आणि बटण फिकट पडून राहते. ते साधन उत्तम आहे, पण साधे उपाय थकल्यावर किंवा एका कंपनीचे कार्ड काढून दुसरीचे लावताना वापरायचे. नीट चालणाऱ्या ड्रायव्हरची मूळ फाइल कित्येकशे मेगाबाइटची असली तरी जपून ठेवावी आणि तिचा क्रमांक वहीत लिहावा. हा क्रमांक विंडोज वेगळ्याच रूपात दाखवते: ३१.०.१५.३६२३ असे दिसले, तर शेवटचे पाच अंक घेऊन एनव्हीडियाची आवृत्ती ५३६.२३ असे वाचायचे.

जुना ड्रायव्हर बसवल्यावर दोन दिवसांनी विंडोज अपडेट गुपचूप नवा आणून ठेवते, ही तक्रार खरी आहे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत गट-धोरणातून (ग्रुप पॉलिसी) अपडेटमधील ड्रायव्हर वगळता येतात. होम आवृत्तीत उपकरण-स्थापनेच्या सेटिंगमधला स्वयंचलित पर्याय बंद करून पाहावा. लॅपटॉपवाल्यांनी आधी लॅपटॉपच्या कंपनीचाच ड्रायव्हर पाहावा, कारण तो त्या यंत्रासाठी जुळवून घेतलेला असतो.

पडदा पूर्ण काळाच राहिला, तर सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच गरजेच्या गोष्टींसह सुरू होण्याच्या अवस्थेत, विंडोज स्वतःचा प्राथमिक ड्रायव्हर वापरते आणि तिथून नवा ड्रायव्हर काढता येतो. मात्र बिटलॉकर हे डिस्क कुलूपबंद करणारे विंडोजचे साधन चालू असेल, तर दुरुस्तीच्या पडद्यावरून सेफ मोडकडे जाताना ४८ अंकी रिकव्हरी-की मागितली जाऊ शकते. ती की कागदावर लिहून ठेवावी. ज्या संगणकाचा पडदा काळा झाला आहे, त्याच संगणकात ती साठवलेली असेल तर काय उपयोग?

अपडेट सुरळीत झाल्यावरही पहिल्या दहा मिनिटांवरून मत बनवू नका. नव्या ड्रायव्हरबरोबर शेडरचा, म्हणजे खेळातील दृश्ये रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा, जुना साठा बाद होतो आणि खेळ तो नव्याने तयार करत असताना सुरुवातीला अडखळतो. तोच खेळ, तोच प्रसंग, दुसऱ्यांदा चालवून पाहा आणि मगच ‘रोल बॅक’कडे हात न्या.