विमान उतरल्यानंतरचा हिशेब

(दृश्य : मुंब्रा स्थानकाबाहेरचा रस्ता. तिकिटांची आणि व्हिसाची कामे करणाऱ्या दुकानांच्या पाट्या.)

मुंब्रा आणि कौसा, शिळफाट्यापुढे तळोजे आणि पनवेल, या पट्ट्यात कोकणातून येऊन स्थिरावलेली अशी पुष्कळ कुटुंबे आहेत, ज्यांचा घरखर्च आखाती देशांतील पगारावर चालत आला आहे. त्या देशांच्या आसपास कुठेही लढाई पेटली की बातमी आधी या घरांत पोहोचते आणि फोन लागेपर्यंत कुणाला चैन पडत नाही. सरकार विमाने पाठवते, माणसे परत येतात, आणि आपण सगळे सुटकेचा निःश्वास टाकतो. त्या माणसाचे तिथे काय राहिले, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. हा माहितीपट त्या प्रश्नाविषयी आहे.

(दृश्य : जुना पासपोर्ट, त्यावरील कुवैतचे शिक्के.)

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी सैन्य कुवैतमध्ये शिरले, तेव्हा तिथे दीड लाखाहून अधिक भारतीय राहत होते. काही दिवसांतच इराकने कुवैत हा आपलाच प्रांत असल्याचे जाहीर केले, कुवैती दिनाराची किंमत इराकी दिनाराइतकी ठरवली आणि पुढे तो चलनातूनच काढून टाकला. वर्षानुवर्षे साठवलेली रोकड ज्यांनी खोलीतल्या पेटीत ठेवली होती, त्यांच्या हाती जवळजवळ निरुपयोगी नोटा उरल्या आणि ज्यांचे पैसे तिथल्या बँकेत होते, त्यांना ते काढता येईनात. बसरा, बगदाद आणि मग जॉर्डनची सरहद्द असा हजार किलोमीटरहून लांबचा रस्ता लोकांनी मिळेल त्या वाहनाने कापला आणि वाळवंटातील छावण्यांमध्ये पाळीची वाट पाहिली. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात एअर इंडियाने जॉर्डनची राजधानी अम्मानहून मुंबईकडे ४८८ उड्डाणे करून एक लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणले. नागरी विमानसेवेने केलेली सर्वांत मोठी सुटका म्हणून तिची नोंद झाली आणि तिचा अभिमान वाटणे योग्यच आहे.

आखातात काम करणाऱ्या परदेशी माणसाची नोकरी, राहण्याची खोली आणि त्या देशात राहण्याचा परवाना, या तिन्ही गोष्टी बहुतेक वेळा एकाच मालकाच्या, म्हणजे कफीलच्या, हाती असतात. लढाई सुरू होऊन मालक निघून गेला की तिन्ही गोष्टी एकाच दिवशी जातात. स्थानिक माणूस निदान नातेवाइकांच्या गावी जाऊ शकतो. परक्याला तेवढाही आसरा नसतो. त्यातच कामगाराचा पासपोर्ट कफीलने स्वतःकडे ठेवण्याची प्रथा, अनेक आखाती देशांनी कायद्याने मनाई करूनही, पुरती सुटलेली नाही. पासपोर्ट नसेल तर दूतावास फक्त मायदेशी येण्यापुरता एकेरी प्रवासाचा तातडीचा दाखला देतो. त्या दाखल्यावर माणूस घरी येतो, पण थकलेला पगार आणि नोकरी संपल्यावर मिळणारी रक्कम कुठल्याच दाखल्यावर येत नाही.

कुवैतच्या बाबतीत मात्र पुढे एक दुर्मीळ गोष्ट घडली. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १९९१ मध्ये नुकसानीची जबाबदारी इराकवर टाकली आणि भरपाईसाठी स्वतंत्र आयोग नेमला. त्याचा पैसा इराकच्या तेलविक्रीतील ठरावीक हिश्शातून येत असे. कुवैत किंवा इराक सोडून जावे लागलेल्या प्रत्येकाला ठरावीक रकमेचा दावा करता येत होता. एका व्यक्तीसाठी २,५०० डॉलर, आणि इतर कोणताही दावा न करण्याचे मान्य केल्यास ४,००० डॉलर. या दाव्यासाठी देश सोडल्याचा साधा पुरावा पुरेसा होता. त्याहून अधिक नुकसान मागायचे तर पगाराचे, बँकेचे, सामानाचे कागद लागत. धावपळीत कपड्यांऐवजी कागदांची पिशवी उचलणारा माणूस किती शहाणा होता, हे तेव्हा उमगले. आयोगाचे शेवटचे देणे २०२२ च्या जानेवारीत चुकते झाले. एकूण रक्कम ५२ अब्ज डॉलरच्या वर गेली.

(दृश्य : खारघरमधील एका सोसायटीतील अभ्यासाची खोली, टेबलावर वैद्यकशास्त्राची पुस्तके.)

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला. तिथल्या भारतीयांना परत आणण्यासाठीच्या ‘ऑपरेशन गंगा’चे पहिले विमान २६ फेब्रुवारीला शेजारच्या रोमानियातील बुखारेस्टहून २१९ जणांना घेऊन मुंबईतच उतरले. परतलेल्यांत वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्यांची संख्या मोठी होती आणि त्यांचा प्रश्न कामगारांच्या प्रश्नापेक्षा निराळा असला, तरी मुळाशी तोच होता. भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशातील वैद्यकीय शिक्षण किमान ५४ महिन्यांचे आणि एकाच संस्थेतून पूर्ण होणे आवश्यक होते. म्हणजे बॉम्ब पडले म्हणून कॉलेज बदलले, तर पदवी भारतात ग्राह्य धरली जाण्याची शाश्वती नव्हती, आणि भारतातील कॉलेजांत प्रवेश देण्याची तरतूद नव्हती. सप्टेंबर २०२२ मध्ये दुसऱ्या देशातील विद्यापीठात शिकून मूळ विद्यापीठाचीच पदवी घेण्यास मुभा मिळाली. शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांना भारतात अंतिम परीक्षा देण्याची संधी देण्याचा मार्ग २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निघाला. ज्यांचे आईवडील कर्जाचे हप्ते भरत होते, त्यांच्या दृष्टीने हा मधला काळ म्हणजे युद्धाचाच भाग होता, असे म्हणणे मला मुळीच अतिशयोक्त वाटत नाही.

बेलापूर आणि नेरूळ परिसरातून जहाजांवर जाणाऱ्या तरुणांचेही असेच. २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेनमधील मिकोलाइव्ह बंदरात भारतीय खलाशी अडकले होते. जहाज बंदरातून हलू शकत नव्हते आणि किनाऱ्यावर उतरावे, तर तिथे लढाई चालू होती.

(दृश्य : विमानतळाचे आगमनद्वार.)

येमेनमधून २०१५ मध्ये आणि सुदानमधून २०२३ मध्ये भारतीयांना नौदलाच्या जहाजांनी आणि विमानांनी सोडवून आणले. त्यांच्यासाठी मात्र कुवैतसारखा भरपाई आयोग झाला नाही, कारण ती जबाबदारी कुणावर टाकायची हेच आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलेले नाही. अशा वेळी निदान एक गोष्ट आपल्या हातात आहे. सुटून आलेल्या माणसाचे नाव, गाव आणि पासपोर्ट क्रमांक लिहून घेणाऱ्या कर्मचाऱ्याने त्याच अर्जावर आणखी तीन ओळी भरून घ्याव्यात : मालकाचे नाव, किती महिन्यांचा पगार थकला आहे, आणि कोणती मूळ कागदपत्रे तिथे राहिली आहेत. कराराची आणि पगारपत्रकाची एक प्रत जाण्यापूर्वीच घरी ठेवून जावी, म्हणजे या ओळी भरताना आठवणीवर विसंबावे लागणार नाही आणि लढाई थांबल्यावर दूतावासाला त्या मालकाकडे नेमकी मागणी करता येईल.