छत सगळ्यात शेवटी

आज आपण एकच चित्र घेणार आहोत, फ्रेंच चित्रकार पिएर-ओग्यूस्त रन्वारचं 'लंचन ऑफ द बोटिंग पार्टी'. पॅरिसजवळ शातूला, सेन नदीतल्या बेटावर, मेझों फुर्नेझ नावाची खानावळ होती. खाली होड्या भाड्याने मिळायच्या, वर जेवणाची गच्ची. १८८० च्या उन्हाळ्यात रन्वारने तिथे हे चित्र सुरू केलं आणि १८८१ मध्ये पुरं केलं. १४ माणसं, एक कुत्रं, बाटल्या, ग्लास, द्राक्षं आणि मागे नदी.

तैलरंग नुकते हाती घेतलेल्यांनी एवढ्या गर्दीच्या चित्राची नक्कल करावी का? करावी, असं मी आग्रहाने सांगतो. एकट्या चेहऱ्याची नक्कल करताना आपण साम्याच्या मागे लागतो. नाक जमलं, डोळा चुकला, यातच दिवस जातो. समूहचित्रात ती मुभाच नसते. मूळ चित्र साधारण १३० बाय १७५ सेंटिमीटरचं आहे. आपला १८ बाय २४ इंचांचा कॅनव्हास जवळपास त्याच प्रमाणात बसतो. त्यावर तीन-तीन इंचांच्या चौकटी आखल्या की उभ्या ६, आडव्या ८. या आकारात मागच्या माणसांची तोंडं जेमतेम अंगठ्याच्या पेराएवढी होतात. मग पापण्या रंगवायचा मोह आपोआप सुटतो आणि नजर एका माणसाचं दुसऱ्याशी असलेलं नातं पाहू लागते.

ते नातं पाहा. डावीकडे पुढे कुत्र्याशी लाडात आलेली आलीन शारिगो, जिच्याशी रन्वारने पुढे लग्न केलं. समोर उजवीकडे खुर्चीवर उलटा बसलेला चित्रकार ग्युस्ताव्ह कायबोत. मागे उंच काळी हॅट घातलेला, तो कलासंग्राहक शार्ल एफ्रुसी मानला जातो. उजवी बाजू माणसांनी ठासून भरलेली, डावी बरीचशी मोकळी, आणि तरी चित्र कलंडत नाही. का? कठड्याची तिरकी रेघ नजरेला आत नेते. शिवाय डावीकडे उभ्या धिप्पाड फुर्नेझचा, म्हणजे खानावळवाल्याच्या मुलाचा, पांढरा बनियन आणि उजवीकडे कायबोतचा पांढरा बनियन एकमेकांना तोलून धरतात. म्हणून पहिल्या बैठकीत चेहरे नकोत. बर्न्ट सिएना हा तांबूस-तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फक्त उजेड-अंधाराचे मोठे आकार मांडा. डोळे किलकिले केले की १४ माणसांचे चार-पाच गठ्ठे उरतात. तेवढेच मांडा.

त्यानंतर टेबलक्लॉथ. माझ्या दृष्टीने सगळं शिक्षण इथे आहे. तो पांढरा आहे असं सगळे सांगतात, पण सावलीतल्या घडीचा रंग पॅलेटवर मिसळून पाहा. कोबाल्ट ब्लू लागतो, थोडा जांभळा लागतो, बाटलीजवळ हिरवट झाक लागते. ट्यूबमधला निव्वळ पांढरा फक्त ग्लासच्या काठावर, दोन-चार ठिपक्यांपुरता. तो आधीच सगळीकडे फासला तर काच चमकवायला हातात काही उरत नाही. खालचे थर पातळ, वरचे अधिक तेलकट, हा क्रमही पाळा. उलटं केलंत तर खालचा थर वाळताना वरचा तडकतो.

आता छताबद्दल. इंप्रेशनिस्टांचं, म्हणजे रन्वारच्या गटातल्या चित्रकारांचं, चित्र म्हणजे एका झपाट्यात उरकलेलं, असा समज पक्का बसला आहे. हे चित्र वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनमध्ये आहे. डंकन फिलिप्स यांनी ते १९२३ मध्ये १,२५,००० डॉलरला घेतलं. तिथल्या तज्ज्ञांनी एक्स-रे घेऊन तपासलं, तेव्हा रन्वारने माणसं पुन्हा पुन्हा बदलल्याचं दिसलं. वरचं पट्ट्यापट्ट्यांचं कापडी छत तर त्याने बऱ्याच उशिरा घातलं. तयार चित्र समोर ठेवून वरून खाली रंगवत आलो, तर छत ही केवळ एक वस्तू होते. म्हणून माझी विनंती, तुम्हीही ते शेवटी घाला. आधी उघड्या आकाशाखाली सगळी माणसं बसवा, कॅनव्हास भिंतीला लावा आणि थोडे दिवस तसाच राहू द्या. मागच्या उजेडात मंडळी विखुरल्यासारखी वाटतील. मग छत घाला. वरचा उजेड अडतो, लोक एका जागी येतात, पट्ट्यांतला तांबूस रंग आलीनच्या हॅटवरच्या लाल फुलांना साद देतो. आपण रन्वारचा निर्णय त्याच्याच क्रमाने घेतलेला असतो.

रन्वारही असाच शिकला. १८६० मध्ये त्याने पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात नकला करण्याचा परवाना घेतला होता. आपल्याकडे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल या कलाशाळेतले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आणि तिथले विद्यार्थी, त्यांत पेस्तनजी बोमनजी होते, वर्षानुवर्षं अजिंठ्याच्या लेण्यांत भित्तिचित्रांच्या प्रती करत राहिले. त्यातल्या बऱ्याच पुढे लंडनमध्ये आगीत गेल्या, याची हळहळ मला आजही वाटते. पण त्या भिंतींपुढे घोटून तयार झालेले हात आगीच्या आवाक्याबाहेर होते.

लूव्ह्रचा एक नियम आपणही पाळू या. प्रत मूळ चित्राच्या मापाची करायची नाही आणि मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही. मागच्या बाजूला 'रन्वारवरून' असं लिहा, खाली तुमचं नाव आणि तारीख. पुढच्या बैठकीला येताना पातळ केलेल्या बर्न्ट सिएनातला पहिला थर वाळवून आणा, टेबलक्लॉथ आपण इथेच मिळून रंगवू.