टपालपेटीवरचे नाव

बर्लिनच्या नॉयकोल्न भागातील एका जुन्या इमारतीच्या दारातच पत्र्याच्या टपालपेट्यांच्या चार रांगा आहेत. तिसऱ्या रांगेतील शेवटच्या पेटीवर मूळ भाडेकरूच्या छापील नावाखाली कागदी चिकटपट्टी लावलेली असून तिच्यावर काळ्या शाईने, शक्य तितक्या सुवाच्य रोमन अक्षरांत, एक मराठी आडनाव लिहिलेले आहे. ते आम्ही पडद्यावर धूसर केले आहे. ज्यांचे ते आहे त्या नाशिकच्या चित्रकर्तीने आपली खोली, आपल्या वह्या आणि आपली बिलेसुद्धा या चित्रफितीसाठी दाखवली, फक्त नाव घेऊ नये एवढी विनंती केली. पुढची बरीचशी हकिगत त्या पट्टीचीच असल्यामुळे ही अट आम्हाला अवघड गेली, पण ती पाळली आहे.

तेथील जुन्या इमारतींत घरांना बहुधा क्रमांक नसतात. पत्ता म्हणजे रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि राहणाऱ्याचे नाव. पेटीवर नाव नसेल तर पत्र आले तसे परत जाते. कराचा क्रमांक, आरोग्यविम्याचे कार्ड, बँकेचा पिन असे सगळे महत्त्वाचे कागद मात्र टपालानेच येतात. नाशिकच्या तिवंधा चौकाजवळच्या वाड्यात वाढलेल्या माणसाला याचे नवल वाटणे साहजिक आहे, कारण त्या वाड्याच्या दरवाजावर कधी पाटीच लागली नाही आणि तरीही एकही पत्र चुकले नाही, असे चित्रकर्तीचे बाबा अभिमानाने सांगतात.

हा तो वाडा. ही माडीवरची खोली आणि ही ती खिडकी, जिच्याखालचा रस्ता वर्षभर साधा रस्ता असतो आणि रंगपंचमीला ज्याच्या पोटातली रहाड उघडली जाते. रहाड म्हणजे पेशवेकाळापासून नाशिकच्या जुन्या गावठाणात असलेला दगडी बांधणीचा हौद. एरवी तो लाकडी ओंडके टाकून आणि माती लोटून बुजवलेला असतो आणि त्यावरून गाड्या जात राहतात. सणाला मात्र तो खणून, धुऊन, त्याची पूजा करून त्यात फुलांपासून उकळून केलेला रंग भरतात. मग सुरू होतो तो धप्पा. उडी घेणाऱ्याच्या अंगाने उसळलेला रंग काठावरच्या गर्दीला चिंब करतो आणि पुढचा उडी घ्यायला सरसावतो. हे चित्रण आमच्याकडे भरपूर होते, त्यामुळे ते येथे जरा जास्त वेळ चालते, याबद्दल आम्हाला फारसा खेद नाही.

सलग सहा वर्षे त्यांनी ही रहाड माडीवरून चितारली. वरून दिसणारा रंगाचा चौकोन, त्याभोवती डोक्यांची दाटी आणि मधोमध हवेत थांबलेला एक देह, अशी बारा चित्रे त्या मालिकेत आहेत. पोट मात्र या चित्रांवर भरत नव्हते. दिवाळी अंकांची सजावट, द्राक्षाच्या वाइनच्या बाटल्यांची लेबले, शाळांच्या भिंती आणि लग्नपत्रिका अशी कामे त्या करीत, आणि त्यांतील निम्म्या वेळी मोबदल्याचा विषय निघाला की समोरून तेच उत्तर येई: “नाव छापतो की तुमचे.” सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यात नोंदणीकृत व्यावसायिकाचे पैसे 45 दिवसांच्या आत चुकते करण्याची तरतूद आहे. त्यांनी नोंदणी केलेली नव्हती, आणि सजावट मागणाऱ्यांनीही त्यांच्याकडे कधी बिल मागितले नव्हते.

नाशिकरोडच्या या लांबलचक भिंतीआड भारत प्रतिभूती मुद्रणालय आहे, ज्याला नाशिककर नुसते ‘प्रेस’ म्हणतात. 1925 पासून चालत आलेल्या या छापखान्यात देशाची पारपत्रे छापली जातात. आत चित्रण करता येत नाही, म्हणून भिंतच दाखवली आहे. याच परिसरात छापलेले पारपत्र घेऊन त्या पहाटेच्या अंधारात पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला निघाल्या. मांडीवर जी निळी फाईल दिसते तिच्यात बारा चित्रांच्या प्रती, पैशांचे नियोजन, आरोग्यविमा आणि सर्वांत अवघड असलेली दोन पत्रे होती. तुमच्याकडून काम करून घेण्याची आमची इच्छा आहे, असे जर्मनीतील दोन प्रकाशकांनी लेखी कळवलेले होते. ती पत्रे मिळवण्यासाठी त्यांनी सात महिने रोज एक ईमेल लिहिला.

जर्मनीच्या निवास कायद्याचे कलम 21 स्वतंत्र व्यवसायासाठी येणाऱ्या परदेशी व्यक्तींसाठी आहे आणि त्याच्या पाचव्या पोटकलमाखाली ‘फ्रायबेरुफ्लर’ म्हणून राहण्याचा परवाना मिळू शकतो. फ्रायबेरुफ्लर कोण, हे त्यांच्या आयकर कायद्याच्या कलम 18 मध्ये दिले आहे. तेथे डॉक्टर, वकील आणि वास्तुविशारद यांच्याबरोबरच कलेचे काम नोंदलेले आहे. हे कलम वाड्याच्या ओट्यावर आम्ही त्यांच्या बाबांना मराठीत वाचून दाखवले. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला सांगितले.

बर्लिनमधील चित्रण त्यांनी स्वतः मोबाईलवर केले आहे. कचेऱ्यांच्या आत त्यांनी ते केले नाही, त्यामुळे तेथील रांगा तुम्हाला दिसणार नाहीत. दिसतील त्या खोल्या. घरात राहायला गेल्यापासून चौदा दिवसांत महापालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो, ज्याला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात, आणि त्यासाठी घर देणाऱ्याची सही असलेला कागद लागतो. उपभाड्याने खोली देणारे अनेकजण पैसे घेतात पण सही देत नाहीत. पहिल्या खोलीत सही मिळाली नाही. दुसऱ्या खोलीत मिळते असे सांगितले गेले, आणि मिळाली नाही. तिसरी खोली ही. मागच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, लिफ्टविना. खाली जो चौक दिसतो त्याला ‘होफ’ म्हणतात, आणि रस्त्याकडच्या इमारतीमागे चौक, चौकामागे पुन्हा इमारत, ही रचना पाहून त्यांनी आईला पहिल्याच दिवशी कळवले, “आई, अगं, इथेही वाडाच आहे, फक्त तुळस नाही.”

पत्ता नोंदला गेला, पट्टी चिकटली आणि पत्रे येऊ लागली. प्रथम करखात्याची प्रश्नावली, मग कराचा क्रमांक, आणि त्यानंतर व्हिल्हेल्म्सहाफेन या उत्तर समुद्रकाठच्या गावातून आलेला हा जाड लिफाफा. तेथे ‘क्युन्स्टलरझोत्सियालकासे’ नावाची, कलावंतांच्या सामाजिक विम्याची संस्था आहे. 1981 च्या कायद्याने ठरलेली आणि 1983 पासून अमलात असलेली ही व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. नोकरदाराच्या विम्याचा आणि निवृत्तिवेतनाचा निम्मा हप्ता मालक भरतो; स्वतंत्र चित्रकाराला, लेखकाला किंवा वादकाला मालक नसतो. म्हणून निम्मा हप्ता कलावंत भरतो आणि उरलेला निम्मा ही संस्था उभा करते, एकूण हप्त्याच्या 20 टक्के केंद्र सरकारकडून आणि 30 टक्के कलावंतांना काम देणाऱ्या प्रकाशनसंस्था, जाहिरात कंपन्या आणि नाट्यगृहे यांच्याकडून. त्यासाठी काम देणाऱ्या या संस्थांनी मानधनावर आकार भरायचा असतो, जो 2023 ते 2025 या काळात 5 टक्के होता. प्रवेशासाठी या कामातून वर्षाला 3900 युरोंपेक्षा अधिक उत्पन्न लागते, पण नव्याने व्यवसाय सुरू करणाऱ्याला पहिली तीन वर्षे या अटीतून सूट आहे. म्हणजे ज्या काळात कलावंताकडे पैसे नसतात, तो काळ कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होता.

आणि हे त्यांचे पहिले बिल. क्रमांक 001, रहाडीच्या चित्रांवरून एका बालपुस्तकासाठी केलेल्या आठ पानांचे. रक्कम देय होऊन बिल मिळाल्यापासून तीस दिवसांत पैसे आले नाहीत तर देणारा थकबाकीदार ठरतो, असा तेथील दिवाणी संहितेचा नियम आहे. पैसे एकोणिसाव्या दिवशी आले.

पहिल्या वर्षी भाडे वजा जाता हातात नाशिकपेक्षा कमी उरले, आणि परवान्याचा अर्ज विचाराधीन असताना आजी गेली, तेव्हा त्यांना येता आले नाही.

(येथे पंचेचाळीस सेकंद निवेदन नाही. व्हिडिओ कॉलचा मूळ आवाज ठेवावा.)

डिसेंबरात बर्लिनमध्ये दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा नाशिकमध्ये साडेआठ वाजलेले असतात आणि आई जेवणाची पाने घेत असते. या वेळी त्या दिवा लावून कामाला बसतात. टेबलावर जो पिवळा दिसतो आहे, तो रंगवण्यापूर्वी त्यांनी अकरा वेळा मिसळून पाहिला. फुलांच्या रंगात जो किंचित मातकटपणा असतो तो ट्यूबमधल्या रंगात येत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. अकराव्या तुकड्यावर त्यांनी चहाचे दोन थेंब टाकले.

उपभाड्याची मुदत मार्चमध्ये संपली. हे शेवटचे चित्रण त्या सकाळचे आहे. नखाने पट्टी काढताना तिच्याखाली जुन्या पट्ट्यांच्या डिंकाचे तीन चौकोन दिसतात, म्हणजे या पेटीवर त्यांच्या आधी आणखी तिघे राहून गेले असावेत. नवी खोली शहराच्या मध्यभागाला वळसा घालणाऱ्या ‘रिंगबान’ या रेल्वेमार्गाच्या पलीकडे आहे आणि तेथील घरमालकिणीने सही आधीच दिली आहे. पायरीवर बसून, गुडघ्यावर टेकवलेल्या नव्या पट्टीवर त्या आडनाव लिहितात, मधले एक अक्षर चुकते म्हणून ती पट्टी फाडून दुसरी घेतात, आणि दुसरी लिहून होत असतानाच मोबाईलची बॅटरी संपलेली आहे.